चषक सर्वांसाठी : मद्यविरहित फेसाळ वाइनची पारख

दुर्गापूजेचे ढाक थांबतात, कालीपूजेचे दिवे विझतात आणि हुगळीवरून येणाऱ्या वाऱ्यात हलकासा गारवा जाणवू लागतो. हावडा आणि कोलकाता या जुळ्या शहरांत हा समारंभांचा मोसम मानला जातो. लग्नाचे स्वागत समारंभ, सेवानिवृत्तीचे निरोप, बदलीवर निघालेल्या सहकाऱ्यांना दिलेली भोजने, मग नाताळ, म्हणजे बंगाली माणसाचा ‘बडोदिन’, आणि लगेच नववर्ष. रेल्वे, बँका, विमा आणि अभियांत्रिकी उद्योगांच्या निमित्ताने हावड्यात येऊन राहिलेली मराठी कुटुंबेही या मोसमात मनापासून सामील होतात. हावडा मेल, गीतांजली आणि आझाद हिंद या गाड्यांनी महाराष्ट्राशी बांधलेल्या या शहरात एका टेबलाभोवती बंगाली, मारवाडी, बिहारी, पंजाबी आणि मराठी मंडळी सहज एकत्र येतात.

अशा मेळाव्यात शुभेच्छेचा एक क्षण असतो. सर्वांनी पेले उंचावायचे, ज्याचा समारंभ त्याला चार चांगले शब्द सांगायचे आणि एकत्र पहिला घोट घ्यायचा. नेमक्या याच क्षणी पाहुण्यांचे नकळत दोन गट पडतात. काहींच्या हाती उंच, नाजूक पेल्यात फेसाळणारी वाइन असते. उरलेल्यांच्या हाती कागदी कपातील रंगीत सरबत. मद्य न घेणाऱ्याची कारणे अनेक असतात. कोणाला मोटार चालवत घरी जायचे असते, कोणाचे औषध सुरू असते, कोणी गर्भवती असते, कोणाचा धर्म वा व्रत आड येते, कोणी कष्टाने व्यसन सोडलेले असते आणि कोणाला मद्य मुळातच आवडत नाही. कारण काहीही असो, त्यांपैकी कोणालाही आपण पंक्तीबाहेर बसलो असे वाटू नये ही यजमानाची जबाबदारी होय.

या गरजेतून मद्यविरहित फेसाळ वाइन बाजारात स्थिरावली. जाड काचेची बाटली, तारेने बांधलेले बूच, मानेभोवती सोनेरी वर्ख असा तिचा थाट असतो. अडचण इतकीच की एकसारख्या दिसणाऱ्या या बाटल्यांत अगदी निरनिराळी पेये भरलेली असतात. एकीत वाइनमधून मद्यार्क काढलेला असतो, दुसरीत द्राक्षाचा रस आणि वायू असतो, तर तिसरीत साखरेच्या पाण्याला दिलेला द्राक्षाचा वास असतो. पाहुणा यजमानावर विश्वास ठेवून घोट घेतो. तो विश्वास राखायचा तर बाटलीची निवड डोळसपणे व्हायला हवी.

बुडबुड्यांची जुनी ओळख

पेयातील बुडबुडे आणि मद्य यांचे नाते अतूट आहे असा समज आढळतो. इतिहास मात्र वेगळे सांगतो. इंग्लंडमधील लीड्स येथे जोसेफ प्रीस्टली या शास्त्रज्ञाने बिअरच्या कारखान्यातील पिंपांवर साचणारा वायू पाण्यात मिसळून पाहिला आणि १७७२ मध्ये त्याची रीत प्रसिद्ध केली. हा वायू म्हणजे कार्बन डायऑक्साइड. १७८३ मध्ये जिनिव्हात जेकब श्वेप यांनी असे पाणी बाटलीत भरून विकण्याचा व्यवसाय उभारला. मद्याचा थेंबही नसलेले फेसाळ पेय अशा रीतीने दुकानात आले.

हे पेय थंड करून पिण्याची चैनही कोलकात्याला लवकर लाभली. १८३३ च्या मे महिन्यात बोस्टनहून ‘टस्कनी’ नावाचे जहाज १८० टन बर्फ घेऊन निघाले आणि चार महिन्यांच्या प्रवासानंतर हुगळीत पोहोचले. वाटेत बराच बर्फ वितळला, तरीही सुमारे १०० टन शाबूत उरला. गोठलेल्या तळ्यांतून कापून आणलेल्या त्या बर्फाने बंगालच्या उकाड्यात थंड पेयाची गोडी रुजवली. पुढे १८७२ मध्ये हायरम कॉड या इंग्रज अभियंत्याने गळ्यात काचेची गोटी अडकवलेल्या बाटलीचे पेटंट घेतले. आपल्याकडील गोटी सोडा तो हाच. बंगालमध्ये लोकल गाड्यांतून विकल्या जाणाऱ्या सोड्याला ‘फटाश जल’ असे नाव आहे. झाकण उडताना होणाऱ्या आवाजावरून ते पडले. बूच उडण्याचा आनंद या मातीला मद्याविनाही पुरेपूर ठाऊक आहे, एवढे यावरून ध्यानात यावे.

बंगालच्या अँग्लो-इंडियन घरांतून नाताळात केली जाणारी आल्याची वाइनही याच परंपरेतली. नावात वाइन असली तरी अनेक घरांत ती आले, साखर, लिंबू आणि मसाले उकळून केलेले, न आंबवलेले तिखट-गोड सरबतच असते.

एक नाव, दोन उगम

आज ‘मद्यविरहित वाइन’ या नावाखाली जे विकले जाते त्याचे दोन स्वतंत्र उगम आहेत. निवड करणाऱ्याने प्रथम हा भेद समजून घ्यावा.

पहिला उगम चर्चमधला आहे. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, व्हाइनलँड या गावी, थॉमस ब्रॅमवेल वेल्च नावाचे दंतवैद्य राहत. ते मद्यपानाचे विरोधक होते आणि प्रभुभोजनाच्या विधीत मद्ययुक्त वाइन वापरणे त्यांना रुचत नव्हते. द्राक्षाचा रस ठेवला की आपोआप आंबतो, हा प्रश्न होता. लुई पाश्चर यांच्या संशोधनाचा आधार घेऊन वेल्च यांनी १८६९ मध्ये बाटलीबंद रस तापवला, त्यातील किण्व निष्प्रभ केले आणि न आंबणारी ‘वाइन’ तयार केली. म्हणजे येथे मद्य निर्माणच होऊ दिलेले नाही. वायू मिसळलेले द्राक्षरस आणि सफरचंदरस हे याच कुळातले. कॅलिफोर्नियातील वॉटसनव्हिल येथे १८६८ पासून चालत आलेल्या मार्टिनेली या घराण्याचा फेसाळ सफरचंदरस याच वर्गात मोडतो.

दुसरा उगम जर्मनीतला. ऱ्हाइन नदीकाठच्या र्‍यूडेसहाइम परिसरात वाइन करणाऱ्या कार्ल युंग यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तयार वाइनमधून मद्यार्क काढून घेण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळवले. मद्यार्क एरवी ७८ अंश सेल्सिअसला उकळतो. इतक्या उष्णतेत वाइनचा सुगंध नष्ट होतो. मात्र भांड्यातील हवेचा दाब खूप कमी केला तर तोच मद्यार्क सुमारे ३० अंशांच्या आसपास निघून जातो आणि चव बरीचशी टिकते. आता याच्या जोडीला सूक्ष्म पडद्यांतून गाळण्याच्या आणि फिरत्या शंकूंच्या यंत्रांतून सुगंध वेगळा काढून परत मिसळण्याच्या पद्धतीही वापरल्या जातात. येथे द्राक्षरस आंबतो, खरी वाइन होते आणि मग तिच्यातून मद्य वजा केले जाते.

पहिल्या प्रकारात फळाची गोडी अधिक असते. दुसऱ्यात आंबटपणा, किंचित कडवटपणा आणि वाइनचा परिचित गंध असतो. यांत श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवण्याचे कारण नाही. पाहुणा कोण, यावर योग्य प्रकार ठरतो.

मद्यार्क गेल्यावर काय उरते

मद्यार्क केवळ नशा देत नाही. तो सुगंध वाहून नेतो, द्रवाला भरीवपणा देतो आणि आंबटपणाची धार बोथट करतो. तो काढून घेतला की वाइन पातळ, आंबट आणि काहीशी पोकळ लागते. ही पोकळी भरण्यासाठी उत्पादक साखर किंवा द्राक्षरस मिसळतात. येथेच बुडबुडे मदतीला येतात. वायूची चुणचुण जिभेवर भरीवपणाचा भास निर्माण करते आणि सुगंध नाकापर्यंत उचलून नेते. म्हणून मद्यविरहित साध्या वाइनपेक्षा मद्यविरहित फेसाळ वाइन सहसा अधिक समाधान देते. प्रथमच प्रयोग करणाऱ्याने फेसाळ प्रकारापासून आरंभ करावा, असे सुचवण्यामागे हे कारण आहे.

मद्य काढताना मूळ वायूही निघून जात असल्याने तो बहुधा नंतर भरलेला असतो. घटकांच्या यादीत कार्बन डायऑक्साइड किंवा २९० हा अंक दिसला तर त्यात वावगे काही नाही.

बाटलीची मागची बाजू

बाटलीच्या दर्शनी बाजूवर उत्पादकाला सांगायचे असते ते छापलेले असते. ग्राहकाला हवे असते ते मागच्या बाजूस, बारीक अक्षरांत. कर्जाच्या अर्जावर सही करण्यापूर्वी अटी वाचाव्यात तशीच ही बाजू वाचावी. पाच गोष्टी पाहणे पुरेसे आहे.

पहिली, पेयाचे नेमके वर्णन. ‘मद्यार्क काढलेली वाइन’ असे लिहिले असेल तर ती दुसऱ्या कुळातली. ‘कार्बोनेटेड फ्रूट बेव्हरेज’ असे असेल तर ती रसाधारित. भारतीय मानकांनुसार अशा पेयात किमान १० टक्के, आणि लिंबूवर्गीय असेल तर किमान ५ टक्के फळाचा अंश लागतो. घटक नेहमी उतरत्या प्रमाणात लिहिले जातात. यादीत पाणी आणि साखर अग्रभागी, द्राक्षरस मागे आणि शेवटी सुगंधी द्रव्ये असतील, तर वर्खाची किंमत आपण मोजतो आहोत असे समजावे.

दुसरी, मद्यार्काचे प्रमाण. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या विनियमांनुसार ०.५ टक्क्याहून अधिक मद्यार्क असलेले पेय मद्य ठरते. युरोपीय संघानेही २०२१ च्या नियमांत ‘मद्यार्क काढलेली वाइन’ या संज्ञेसाठी ०.५ टक्के हीच मर्यादा ठेवली. त्याहून अधिक मद्यार्क उरला तर ‘अंशतः मद्यार्क काढलेली’ असे लिहावे लागते. ‘अंशतः’ हा शब्द नजरेतून सुटता कामा नये. १२ टक्के मद्यार्काच्या फेसाळ वाइनच्या १२५ मिलिलिटर पेल्यात १५ मिलिलिटर मद्यार्क असतो, ०.५ टक्क्याच्या पेल्यात तो जेमतेम ०.६ मिलिलिटर भरतो. पिकलेले केळे किंवा पाव यांतही मद्यार्काचा लेश असतोच. तरीही ०.५ आणि ०.० हे अंक एक नव्हेत, आणि काही पाहुण्यांच्या बाबतीत हा भेद मोलाचा ठरतो.

तिसरी, साखर. हा अंक सर्वाधिक दुर्लक्षिला जातो. पोषणतक्त्यात तो १०० मिलिलिटरला दिलेला असतो. द्राक्षरसात १०० मिलिलिटरला सुमारे १४ ते १६ ग्रॅम साखर नैसर्गिकच असते. ज्या बाटलीवर १४ ग्रॅम लिहिले आहे तिच्या १२५ मिलिलिटरच्या एका पेल्यात साडेसतरा ग्रॅम, म्हणजे चार चमच्यांहून अधिक साखर जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या मार्गदर्शनात अशी मोकळी साखर दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली आणि शक्य तर ५ टक्क्यांखाली, म्हणजे प्रौढासाठी साधारण २५ ग्रॅमच्या आत ठेवण्यास सुचवले आहे. फळांच्या रसातील साखरही तीत मोजली जाते. ‘साखर घातलेली नाही’ या ओळीने म्हणूनच निर्धास्त होऊ नये. १०० मिलिलिटरला ५ ग्रॅम किंवा त्याहून कमी साखरेची बाटली मिळाल्यास ती चवीलाही वाइनच्या अधिक जवळ जाते. दर्शनी बाजूवरील ‘ब्रूट’ हा शब्द मूळच्या फेसाळ वाइनमध्ये लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर सुचवतो. परंतु मद्यविरहित बाटलीवर त्या शब्दापेक्षा तक्त्यातील अंक खरा मानावा.

चौथी, पूरक द्रव्ये. सल्फाइट हे वाइनमधील जुने परिरक्षक. २२० किंवा २२४ या क्रमांकांनी ते ओळखता येते. दम्याच्या काही रुग्णांना ते सोसत नाही. ९५०, ९५१, ९५५ हे कृत्रिम गोडीचे क्रमांक होत. शाकाहारी घरांनी हिरवे चिन्हही पाहावे, कारण वाइन नितळ करण्यासाठी काही उत्पादक अंड्यातील पांढरा बलक, जिलेटिन किंवा माशापासून केलेला पदार्थ वापरतात.

पाचवी, दिनांक. मद्यार्क हा स्वतःच परिरक्षक असतो. तो नसल्याने ही बाटली वर्षानुवर्षे जपून ठेवण्याची नव्हे. जितकी ताजी तितकी उत्तम. आयात केलेल्या बाटलीवर आयातदाराचे नाव, पत्ता आणि चौदा आकडी परवाना क्रमांक असलेली चिठ्ठी आहे की नाही हेही तपासावे.

कोणासाठी कोणती

समारंभाची यादी करताना पाहुण्यांचा विचार केला तर निवड सोपी होते.

धर्म किंवा व्रत म्हणून मद्य वर्ज्य मानणाऱ्यांपैकी अनेकांना, एकदा वाइन होऊन गेलेले पेय, त्यातून मद्यार्क काढला तरी, चालत नाही. त्यांच्यासाठी कधीच न आंबवलेला फळांचा रस हा निर्विवाद पर्याय ठरतो. बाटली कोणत्या प्रकारची आहे हे त्यांना न विचारता सांगणे हा शिष्टाचार होय.

गर्भवतींनी ०.० टक्के असे स्पष्ट छापलेले पेय निवडावे आणि शंका असल्यास डॉक्टरांना विचारावे. मद्यार्काशी विपरीत परिणाम घडवणारी औषधे, विशेषतः मद्यमुक्तीसाठी दिले जाणारे डायसल्फिरम, घेणाऱ्यांनी अंशमात्र मद्यार्कही टाळायचा असतो.

व्यसनातून बाहेर पडलेल्या पाहुण्याबाबत अधिक जपावे. मद्यार्क शून्य असला तरी वाइनचा गंध, पेल्याचा आकार आणि बूच उडण्याचा आवाज जुनी ओढ जागी करू शकतो. काहींना हा चषक आधार वाटतो, काहींना धोका. त्यांना बाजूला घेऊन आधी विचारावे आणि त्यांनी लिंबू-सोडा मागितला तर तोच, तितक्याच सुंदर पेल्यात द्यावा.

मधुमेहींसाठी साखरेचा अंक निर्णायक. मोटार चालवणाऱ्यांसाठी ०.० टक्के हा सरळ मार्ग. मोटार वाहन कायद्यानुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळणे हा गुन्हा आहे. प्रवासात भेट म्हणून बाटली नेणाऱ्यांनीही सावध राहावे. हावड्याहून सुटणाऱ्या अनेक गाड्या बिहारमधून जातात आणि तेथे एप्रिल २०१६ पासून दारूबंदी आहे. अशा वेळी ‘०.०’ असे ठळक छापलेली, सीलबंद आणि पावतीसह असलेली बाटलीच जवळ ठेवणे शहाणपणाचे.

खरेदी आणि हिशेब

मार्च २०२४ मध्ये हुगळीच्या तळाखालून हावडा मैदान ते एस्प्लनेड मेट्रो सुरू झाल्यापासून हावडेकरांना कोलकात्याची बाजारपेठ आणखी जवळ आली. एस्प्लनेडपासून १८७४ साली सुरू झालेले न्यू मार्केट चालत जाण्याच्या अंतरावर आहे. दुकान कोणतेही असो, उन्हात किंवा प्रखर दिव्याखाली मांडून ठेवलेली बाटली घेऊ नये. उष्णता आणि प्रकाश या दोहोंनी चव बिघडते, आणि बंगालच्या दमट उन्हाळ्यात तर लवकर बिघडते.

७५० मिलिलिटरच्या एका बाटलीत १२५ मिलिलिटरचे सहा पेले होतात. तीस पाहुण्यांच्या एका शुभेच्छा-घोटाला पाच बाटल्या पुरतात. एखादी जास्त ठेवली की निश्चिंती. छापील किमतीला सहाने भागले की एका पेल्याचा खरा खर्च कळतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वायुमिश्रित पेयांवर आणि वायुमिश्रित फळपेयांवर वस्तू व सेवा कर ४० टक्के आहे. तो छापील किमतीत धरलेला असतो. पण फेसाळ बाटली महाग का वाटते याचा उलगडा त्यातून होतो. मोठ्या समारंभासाठी एकदम खरेदी करण्यापूर्वी दोन-तीन प्रकारांची एकेक बाटली आणून घरी चव घ्यावी. सर्वांत महाग बाटली सर्वांत चांगली असतेच असे नाही.

चव घेताना तीन प्रश्न पुरेत. पेल्यात ओतल्यावर बुडबुडे बारीक, सतत वर चढणारे आहेत की मोठे, क्षणात विरणारे? पहिल्या घोटात गोडीच्या मागे आंबटपणाची स्वच्छ रेघ जाणवते का? घोट गिळल्यावर तोंड ताजे राहते की चिकट? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील तर बाटली घ्यावी.

वाढण्याची रीत

उत्तम बाटलीही कोमट वाढली तर वाया जाते. ६ ते ८ अंश सेल्सिअस हे योग्य तापमान. शीतकपाटात तीन-चार तास किंवा बर्फ आणि पाणी भरलेल्या बादलीत अर्धा तास ठेवल्यास ते साधते. पेल्यात बर्फ टाकू नये. त्याने बुडबुडे आणि चव दोन्ही जातात.

खऱ्या शँपेनच्या बाटलीत पाच ते सहा वातावरणांइतका, म्हणजे मोटारीच्या चाकातील हवेच्या दुपटीहून अधिक दाब असतो. मद्यविरहित बाटलीत तो कमी असला तरी बूच डोळ्याला इजा करण्याइतके वेगाने सुटू शकते. बाटली न हलवता तिरपी धरावी, तोंड माणसांपासून दूर असावे, तार सोडताना अंगठा बुचावर ठेवावा आणि बूच घट्ट धरून बाटली हळूहळू फिरवावी. आवाज जितका हलका तितका वायू अधिक टिकतो. उंच, अरुंद पेला बुडबुडे जपतो. मध्ये किंचित फुगीर पेल्यात सुगंध अधिक कळतो. पेले साबणाचा अंश न राहता धुतलेले असावेत, कारण साबण फेस मारतो. उरलेली बाटली घट्ट बंद करून शीतकपाटात ठेवावी आणि दोन दिवसांत संपवावी.

दार्जिलिंगचे देणे

हावड्यात राहणाऱ्याला आणखी एक पर्याय हाताशी आहे. दार्जिलिंगच्या चहाला जगभर ‘चहातील शँपेन’ म्हटले जाते. भारतात भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी सर्वप्रथम लाभली ती याच चहाला. त्याच्या दुसऱ्या बहराच्या पानांत पिकलेल्या मस्कट द्राक्षांची आठवण करून देणारा गंध असतो, आणि चहातील टॅनिनमुळे जिभेवर वाइनसारखा हलका तुरटपणा येतो. मद्यार्क काढल्यावर वाइनमध्ये जी पोकळी राहते, ती भरण्याचे गुण चहात उपजत आहेत. डेन्मार्कच्या राजधानीत २०१७ मध्ये सुरू झालेल्या कोपनहेगन स्पार्कलिंग टी या कंपनीने याच तत्त्वावर फेसाळ चहा बाटलीत भरला. तिचे काही प्रकार मद्यविरहित आहेत, तर काहींत सुमारे ५ टक्के मद्यार्क असतो. म्हणजे येथेही मागची बाजू वाचणे आलेच.

घरी हा चषक करणे अवघड नाही. अर्धा लिटर थंड पाण्यात ५ ग्रॅम दार्जिलिंग चहा घालून शीतकपाटात सहा ते आठ तास ठेवावा आणि स्वच्छ कापडातून गाळावा. उकळत्या पाण्याविना काढलेला हा चहा कडू होत नाही. दोन भाग चहात एक भाग गाळलेला पांढऱ्या द्राक्षांचा रस आणि बंगालच्या गंधराज लिंबाच्या रसाचे काही थेंब घालावेत. आयत्या वेळी दोन भाग अतिथंड सोडा पेल्याच्या कडेने हळूच सोडावा आणि गंधराजच्या सालीचा एक पातळ तुकडा वर ठेवावा. द्राक्षे नाशिकची, लिंबू बंगालचे आणि चहा हिमालयाच्या उतारावरचा. या पेल्यात द्राक्षरस केवळ पाचवा हिस्सा असल्याने १२५ मिलिलिटरला साखर साधारण ४ ग्रॅमच भरते. चहातील थोडे कॅफिन मात्र असते. रात्री उशिरा किंवा लहान मुलांना देताना ते ध्यानात ठेवावे.

मद्यार्क शून्य, साखर माफक, दिनांक ताजा आणि वर्णन प्रामाणिक एवढे पाहून आणलेली बाटली समारंभात ठेवली की शुभेच्छेच्या क्षणी सर्वांचे पेले एकाच उंचीवर येतात. कोणाच्या पेल्यात काय आहे हे कोणाला विचारावे लागत नाही, आणि ज्याला ते नेमके ठाऊक असणे आवश्यक आहे त्याला यजमानाने आधीच सांगितलेले असते.